सत्यवान कुबलाचा परवाना

चोपन्न सालच्या दिवाळीनंतर मालवणच्या गाडीतळावर एकच विषय होता. गोव्यात गाडी न्यायचे सगळ्यांचे परवाने नाकारले गेले होते, आणि एकट्या सत्यवान कुबलाचा मात्र शिक्का मारून परत आला होता.

तेव्हा गोवा म्हणजे परदेश. बांद्याच्या पुढे पत्रादेवीला आपला नाका, आणि त्याच्या पलीकडे फिरंग्यांचा, म्हणजे पोर्तुगीजांचा. भाड्याची मोटार पलीकडे न्यायची तर ड्रायव्हरजवळ दोन कागद लागत. एक आपल्या सरकारचा परवाना. दुसरी फिरंग्यांच्या रस्त्याचा कर भरल्याची चिठ्ठी. ही चिठ्ठी पुढच्या काचेला आतून चिकटवायची, म्हणजे वाटेत कुठल्याही शिपायाला ती लांबूनच दिसावी. एरवी हे सगळं नुसतं कंटाळवाणं काम होतं. पण त्या वर्षी सरकारने गोव्याची कोंडी केली, आणि नियम आला की ज्याचं रक्ताचं माणूस पलीकडे राहतं, त्यालाच परवाना मिळेल.

"आणि हेचा कोण आसा थंय?" लवू खवणेकराने विचारलं. लवू तळावरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. त्याचा परवाना नाकारला गेला होता. "आवस मालवणची, बापूस दांडयेर. सगळे सोयरे मी वळाखतंय. ह्येका गोव्यात रक्ताचा माणूस खयसून इला?"

सत्यवान तंबाखूच्या ओल्या पानाने गाडीची काच पुसत होता. त्याने ऐकलं. काच पुसून झाली, पान फेकलं, गाडीत जाऊन बसला.

त्याने तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं, असं पुढे बरेच जण म्हणाले. काय बोलायला हवं होतं, ते मात्र कोणी सांगितलं नाही.

सत्यवान आमच्या दांडीवरचा, आमच्या शेजारच्या घरातला. बाप गंगाराम कुबल होडीचा तांडेल. सगळी वाडी त्यांना आबा म्हणायची. आबांचा शब्द होडीवर चालायचा तसाच किनाऱ्यावरही चालायचा. पण सत्यवानाला समुद्र सोसत नव्हता. होडी लाटेवर चढली की तो कडेला वाकून ओकायचा. तांडेलाच्या मुलाला समुद्र लागतो ही गोष्ट आबांनी बरीच वर्षं लपवली. झिलाक ताप इलो, झिलाचो पाय दुखावलो, असं दर वेळी काहीतरी सांगत. शेवटी लढाईच्या काळात त्यांनी त्याला बेळगावला एका मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडे ठेवलं. तिथून तो ड्रायव्हर होऊन परतला आणि भाईशेट नार्वेकरांच्या काळ्या शेवरलेटवर लागला.

अबोल माणूस. आधी लोक त्याला सालस म्हणत. परवाना परत आल्यावर तेच लोक त्याला आतल्या गाठीचा म्हणू लागले.

नाक्यावर तर विचारू नका. आधी सगळ्या गाड्या जायच्या तेव्हा जमादार एखाद्या गाडीच्या मागे बघून सोडून द्यायचा. आता जाणारी गाडी जवळजवळ एकटी सत्यवानाचीच. त्यामुळे आसनं बाहेर काढली जात, चाकांची हवा सोडून बघितली जाई, पेट्रोलच्या टाकीत सळई घातली जाई. एकदा उतारूंनी नेलेले नारळ फोडून बघितले. सोनं नाही, पत्र नाही, काही नाही. काही सापडलं नाही की जमादाराचा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढायचा.

"इतका साफ माणूस मी नोकरीत पाहिला नाही," तो म्हणायचा. "आणि साफ माणूस रोज तिकडे कशाला जाईल?"

फिरंग्यांची चिठ्ठी काचेवर दिसली की जमादार भडकायचा. म्हणून सत्यवान ती आपला नाका ओलांडल्यावर भाताच्या शितांनी चिकटवायचा आणि येताना सोलून काढायचा. काचेवर शितांचा चौकोनी डाग राहायचा, कितीही पुसला तरी. सत्याग्रहाचे दिवस होते, बाजारात रोज गोवा मुक्तीच्या घोषणा व्हायच्या, आणि त्यात हा डाग घेऊन शेवरलेट उभी. एका सकाळी त्या डागावर कोणीतरी शेण थापून गेलं. सत्यवानाने पाणी आणून काच धुतली. आजूबाजूला उभ्या असलेल्या कोणाकडे त्याने बघितलं नाही.

भाईशेटांनी त्याला दुकानात बोलावून घेतलं.

"सत्यवाना, गाडी माझी आसा. तिच्यातसून काय जाता आणि काय येता, ता माका कळाक व्हया."

"माणसा जातत, शेट. आजारी, बाळंतिणीची आवस, कोणाची देणीघेणी."

"ता झाला उतारूंचा. तुझा काय जाता?"

सत्यवान जरा थांबला. ते थांबणं भाईशेटांनी लक्षात ठेवलं. "माझा काय नाय," तो म्हणाला.

ते खोटं होतं, आणि ते खोटं असल्याचं सगळ्यांत आधी त्याच्या बायकोला कळलं होतं.

हिरा आचऱ्याची. एकोणपन्नास साली लग्न होऊन दांडीवर आली. तिला दोन गोष्टी आल्या आल्या सांगण्यात आल्या होत्या. एक, आबांशी उलट बोलायचं नाही. दुसरी, सत्यवानाची धाकटी बहीण शेवंती लग्नाआधीच वारली, तिचं नाव घरात काढायचं नाही. शेवंती खाडीच्या खडकांवर कालवं काढायला गेली होती. लाटेने नेली. खडकावर तिची पाटी आणि कोयती तेवढी सापडली. त्याच धसक्याने सासू वर्षभरात गेली. शेवंतीच्या नावाने दर वर्षी पान वाढायचं असे, ते काम नव्या सुनेकडे आलं.

हिराला नवऱ्याचा स्वभाव आवडायचा. पण आता तिने बघायला सुरुवात केली. गोव्याची खेप असली की सत्यवान बाजारातून खाजं घ्यायचा. घरातल्या सुक्या बांगड्यांतले चांगले निवडून कागदात बांधायचा. परत यायचा रिकामा.

"कोणाक दिलंस बांगडे?"

"गिऱ्हाईकाक."

"सोलांची पुडी?"

"तीव गिऱ्हाईकाकच."

मग एक दिवस त्याच्या सदऱ्याच्या खिशात तिला चांदीचा करगोटा मिळाला. इतका लहान, की वर्षभराच्या मुलाच्या कमरेलाच बसेल. हिराला तोवर मूल नव्हतं. करगोटा तिने होता तिथेच ठेवला आणि शेजारच्या नर्मदेकडे जाऊन बसली. नर्मदा वाडीतली जाणती बाई, शेवंतीबरोबर लहानपणी खेळलेली.

"रक्ताचा माणूस म्हणतत ना गो," नर्मदा म्हणाली, "ता हेच. थंय दुसरा घर केल्यान. पोराक काय परको म्हणतले?"

हिरा रडली नाही. तिने नवऱ्याला विचारलंही नाही, कारण उत्तर काय येईल ते तिला माहीत होतं. बाजारपेठेतल्या राधाबाईंची लेक म्हापशाला दिलेली, ती बाळंत होणार होती. राधाबाईंना जायची परवानगी मिळाली होती, पण उतारवयामुळे सोबत एक बाई हवी होती. हिराने स्वतः जाऊन सोबत यायचं कबूल केलं, आणि राधाबाईंच्या जावयाने तिचा कागद करून घेतला. घरी कोणाला हे ठाऊक नव्हतं.

शिमगा झाल्यानंतरच्या एका सकाळी सत्यवान राधाबाईंच्या दारात गाडी घेऊन गेला, तर राधाबाईंच्या मागोमाग हातात गाठोडं घेऊन आपली बायको बाहेर येताना त्याने बघितली.

"तू खंय चल्लंस?"

"राधाबायच्या वांगडा," हिरा म्हणाली. "कागद आसा माझ्याकडे. बघतंस?"

सत्यवानाने राधाबाईंकडे बघितलं आणि गाडीचं दार उघडलं. बांद्यापर्यंत गाडीत फक्त राधाबाई बोलत होत्या. हिरा मागून नवऱ्याच्या मानेकडे बघत होती. मान अवघडलेली दिसत होती, आणि त्यावरून तिने काय समजायचं ते समजून घेतलं.

नाक्यावर जमादाराने दोघी बायकांना खाली उतरवलं. गाठोडी सोडून बघितली. हिराच्या गाठोड्यात काहीच नव्हतं, एक लुगडं सोडून. जमादाराने सत्यवानाला विचारलं, "ही तुझी कोण?"

"बाईल."

"आज बायकोला पण घेऊन चाललास? मग परत येणार आहेस ना?"

सत्यवानाने चिठ्ठी चिकटवली. पलीकडच्या नाक्यावर शिपायाने काचेत बघून हात हलवला, गाडी सुटली. तरीतून नदी ओलांडली. दुपार व्हायच्या आत म्हापसा आलं. राधाबाईंना लेकीच्या दारात सोडलं, आणि त्यांना वाटलं हिरा आपल्यामागून आत येईल. हिरा गाडीतून उतरली नाही. ती मागच्या आसनावरून पुढच्या आसनावर येऊन बसली.

"आता खंय जातंस थंय माकाय व्हर."

"हिरा..."

"करगोटो दिलंस काय तिच्या पोराक? की तुझ्या पोराक म्हणू?"

सत्यवानाने गाडी सुरू केली.

बाजाराच्या मागे एका अरुंद गल्लीत पाव भाजायची भट्टी होती. दारात पिठाची रिकामी पोती, आणि आतून तापलेल्या लाकडाचा वास. गाडी थांबल्याचा आवाज ऐकून एक बाई बाहेर आली. फ्रॉकसारखा सैल झगा, कोपरापर्यंत पीठ, कमरेवर मूल. मुलाच्या उघड्या पोटाखाली चांदीचा करगोटा चमकत होता.

हिरा गाडीतून उतरली. वाटेत तिने मनाशी जुळवून ठेवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. पण त्या बाईने आधी सत्यवानाकडे बघितलं, मग हिराकडे, आणि अस्सल दांडीच्या बोलीत विचारलं, "दादा, आबा कसे आसत? खोकलो कमी झालो?"

समोरची बाई उन्हात डावा डोळा बारीक करून बघत होती. अगदी तसाच डोळा बारीक करून आबा समुद्राकडे बघत.

"तू शेवंती?" हिरा म्हणाली.

"व्हय. तू वयनी मां? दादान सांगितल्यान तुझ्याबद्दल."

"अगो मेले," हिरा म्हणाली आणि तिथेच पायरीवर बसली. "मी दर वर्सा तुझा पान वाढतंय. कावळ्याक हाका मारतंय तुझ्या नावान."

शेवंती हसायला गेली आणि तिला रडू आलं.

त्यानंतर सगळं हळूहळू कळलं, काही भट्टीच्या ओसरीत, काही परतीच्या वाटेवर. इनास नावाचा म्हापशाचा पदेर, म्हणजे पाव भाजणारा, मालवणच्या बाजारात कामाला होता. शेवंती त्याच्या दारी मासे द्यायची. एका पहाटे ती त्याच्याबरोबर पडावात बसून निघून गेली, धर्मही त्याचा घेतला. आबांना सकाळी कळलं. त्यांनी बोंब मारली नाही, मागे माणसं धाडली नाहीत. शेवंतीची पाटी आणि कोयती उचलली, खाडीच्या खडकावर नेऊन ठेवली, आणि मग वाडीला हाका मारल्या. सत्यवान बेळगावहून दहाव्याला आला तेव्हा आबांनी त्याला होडीच्या आडोशाला नेऊन खरं सांगितलं, आणि होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हात ठेवायला लावून त्याच्याकडून शब्द घेतला. "चेडू मेला. तुका कोणी विचारल्यान तर, मेला."

सत्यवानाने शब्द पाळला. पण एकावन्न साली उतारू घेऊन तो म्हापशाला गेला असता पाव घ्यायला त्या गल्लीत शिरला, आणि शेवंतीने त्याला ओळखलं. नंतर परवान्याला रक्ताचं माणूस दाखवायची वेळ आली, तेव्हा त्याने अर्जात लिहिलं: बहीण. तिकडच्या गावप्रमुखाचा दाखलाही जोडला. दाखल्यावर नाव होतं आना मारिया, पूर्वाश्रमीची शेवंती गंगाराम कुबल.

"माका तरी सांगूचा होतंस," हिरा म्हणाली.

"तुका सांगितलंय आसता तर तू पान वाढलंस आसतं?"

हिराने विचार केला. "नाय."

"मगे आबांका कळला आसता."

येताना पुन्हा नाक्यावर झडती झाली. जमादाराने हिराचं गाठोडं सोडलं. आता त्यात लुगड्याच्या आत गरम पाव होते. त्याने एकेक पाव मधून मोडून बघितला. मोडलेले पाव घेऊन हिरा घरी आली. आबांनी विचारलं, पाव खयचे, तर म्हणाली राधाबायन दिल्यानी. आबांनी एक तुकडा चावून बघितला, आणि उरलेला तिच्याकडे परत सरकवला. त्या दिवसापासून नर्मदेने कितीही खोदून विचारलं तरी हिरा गप्प राहू लागली. नवऱ्याची गप्प राहायची सवय आता बायकोला लागली, असं वाडीत बोललं गेलं. म्हणजे तीही त्यात सामील.

कोणी चुगली केली, ते कधी सिद्ध झालं नाही. सगळे लवू खवणेकराकडे बघत, आणि लवू देवाशपथ नाही म्हणे. पण वैशाखात फौजदार दोन शिपाई घेऊन दांडीवर आला. सकाळची वेळ. किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढणं चाललं होतं. दोन्ही दोरांना माणसं लागली होती, बायका पाट्या घेऊन पाण्याच्या कडेला उभ्या होत्या. म्हणजे सगळी वाडी एका जागी होती. सत्यवानाला फौजदाराने गाडीतळावरूनच बरोबर आणलं होतं.

"गंगाराम कुबल कोण?"

आबा दोर सोडून पुढे आले.

"तुम्हाला मुली किती?"

"एक होती."

"होती म्हणजे?"

आबांनी सत्यवानाकडे बघितलं, मग लोकांकडे.

फौजदार म्हणाला, "नीट ऐका. तुमच्या मुलाने परवान्याच्या अर्जात लिहिलंय की त्याची सख्खी बहीण म्हापशाला राहते. दाखल्यावर कुठल्यातरी ख्रिश्चन बाईचं नाव, त्यापुढे तुमच्या मुलीचं; असं कोणीही लिहून देईल. वाडीत विचारलं तर सगळे सांगतात, बहीण बुडून मेली. बहीण जिवंत असेल तर अर्ज खरा, मी आल्या वाटेने जातो. बहीण मेली असेल, तर हा माणूस खोटं नातं दाखवून शत्रूच्या मुलखात रोज जातो. कशासाठी, ते मला विचारावं लागेल. तुम्ही बाप आहात. तुम्हीच सांगा."

रापणीचा दोर सैल पडला होता. कोणी ओढत नव्हतं.

सत्यवान खाली वाळूकडे बघत होता. आबांचा डावा डोळा बारीक झाला. हिरा सांगायची, त्या क्षणाला तिला खात्री वाटली होती की म्हातारा खरं बोलणार. एकुलता एक झील बेड्यांत जाताना कुठला बापूस बघत राहील?

"मेली," आबा म्हणाले. "समिंदरान नेल्यान."

"खोटा!" हिरा ओरडली. हातातली पाटी टाकून ती पुढे आली. "जिवंत आसा ती! मी बघून इलंय. पदेराच्या घरात आसा, तिका पोर आसा. आबा, सांगा! देवाक भियान तरी सांगा!"

बायकांत कुजबुज झाली. आबा तिच्याकडे न बघता फौजदाराला म्हणाले, "घोवाक वाचवूक बोलता ती. बायलमाणूस."

फौजदाराने सत्यवानाला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

सत्यवानाला एवढंच म्हणायचं होतं की बायको खरं बोलते आहे. तो म्हणाला, "आबा सांगतत ता खरा."

त्याला सावंतवाडीच्या कोठडीत नेलं. भाईशेटांनी त्याच दिवशी दुसरा ड्रायव्हर ठेवला. वाडीत दोन तट पडले. काहींना हिराचं खरं वाटलं, पण आबांच्या तोंडावर तसं म्हणायची कोणाची छाती नव्हती. बाकीच्यांना वाटलं, बरं झालं, इतके दिवस आपल्यात फिरंग्यांचा हेर नांदत होता. हिराच्या पाटीतले मासे घेताना बायका दोनदा उलटून बघू लागल्या.

हिरा आबांना जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. मिरगाच्या आधी एका सकाळी आबा धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला मुंडासं बांधून निघाले. होडी दुरुस्तीला लाकूड बघायला कुडाळला जातो म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. लाकूड काही बघितलेलं दिसलं नाही.

त्यानंतर आठवड्याभरात सत्यवान सुटला. निघताना फौजदाराने त्याला पुढ्यात बसवून घेतलं.

"तुझा म्हातारा येऊन गेला," तो म्हणाला. "खरं काय ते सांगितलं. वाडीत कळू देऊ नका म्हणून माझ्या पाया पडला. तू त्या दिवशी गप्प का राहिलास?"

"शब्द दिल्लंय, सायब."

"आणि त्याने तो शब्द तुझ्यावर उलटवला तरी?"

सत्यवान उठून उभा राहिला. फौजदाराने परवाना काढून घेतला आणि त्याला सोडून दिलं.

घरी आला तेव्हा आबा ओसरीवर जाळं शिवत होते. त्यांनी वर बघितलं. "इलंस?" "इलंय." एवढंच. आबा सावंतवाडीला गेल्याचं सत्यवानाने फक्त हिराला सांगितलं. वाडीला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यामुळे वाडीने आपला अर्थ काढला.

"सोडल्यानी कसो?" लवू तळावर म्हणाला. "फुकट कोणाक सोडतत? आता हो आमची खबर पोलिसांका देतलो."

आधी फिरंग्यांचा हेर होता, आता पोलिसांचा झाला. त्याला बघितलं की गप्पा थांबायच्या.

पुढे पावसाळ्यात मोठा सत्याग्रह झाला, सीमेवर गोळ्या चालल्या, आणि नाका पुरताच बंद पडला. परवान्याची गोष्टच संपली. सत्यवान कणकवलीच्या एका माणसाच्या ट्रकवर लागला आणि आंबे, सुके मासे घेऊन फोंड्याच्या घाटाने कोल्हापूरला जाऊ लागला. तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं. हिरा म्हणायची, घाटावरून आला की तो दोन दिवस जरा जास्त बोलायचा.

त्या वर्षी शेवंतीच्या पानाचा दिवस आला तेव्हा हिराने चूल नेहमीसारखीच पेटवली. पेज आणि कालवण केलं, वेगळं काही केलं नाही. आबा आंघोळ करून आले, चुलीकडे बघितलं, आणि पेज पिऊन समुद्रावर गेले. पुढच्या वर्षीही तसंच झालं. सून एका गोष्टीत जिंकली होती. पण त्या घरात तिला सासऱ्याचं काही खरं वाटेना. ते प्रेमाने काही बोलले तरी ती त्यात दुसरं काही आहे का ते शोधायची. मधल्या काळात तिला मुलगी झाली. आबांनी बारशाला नाव विचारलं तेव्हा हिरा त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "आना ठेवतंय." आबा उठून ओसरीवर गेले. मग तिनेच नाव रुक्मिणी ठेवलं.

एकसष्टच्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला. पत्रादेवीचा अडसर निघाला. गाड्या न विचारता इकडून तिकडे जाऊ लागल्या, परवाना नाही, काचेला चिठ्ठी नाही. पहिल्या पहिल्यांदा लोकांना ते खरं वाटत नव्हतं. ड्रायव्हर सवयीने नाक्याच्या जागी गाडी हळू करायचे आणि कोणी अडवत नाही म्हणून उगीच इकडेतिकडे बघायचे.

होळीच्या सुमारास सत्यवान ट्रक घेऊन म्हापशाला गेला, आणि येताना शेवंतीला घेऊन आला. इनास, तिचा मुलगा आणि धाकटी मुलगी, सगळे ट्रकच्या पुढच्या भागात दाटीवाटीने बसून आले. दांडीवर ट्रक थांबला तेव्हा ऊन उतरत होतं. शेवंती लुगडं नेसली होती, पण ते नेसायची सवय गेलेली दिसत होती.

वाडी गोळा झाली. पण आनंदाने कोणी पुढे येईना. "ही खराच शेवंती काय?" अशी कुजबुज. सत्यवानाने आपलं जुनं खोटं खरं करायला गोव्यातून कोणतरी बाई आणली असेल, असंही कोणी म्हणालं. नर्मदा पुढे होऊन तिच्या तोंडाकडे बघू लागली.

"तू शेवंती, तर सांग, माझ्या कानाचा काय झाला होता?"

"काय सांगू?" शेवंती म्हणाली. "माझ्याच हातची कोयती लागली तुका. तुझ्या आवशीन माका बडवल्यान."

नर्मदेचा हात आपोआप कानाकडे गेला. तरी ती म्हणाली, "सत्यवानान सांगितला आसतला तुका."

तेवढ्यात आबा घरातून बाहेर आले. आता ते काठी टेकून चालत. लोकांनी वाट दिली. शेवंती जागची हलली नाही. इनास ट्रकमधून उतरलाच नव्हता. दाराला हात लावून, वेळ आली तर लगेच निघता यावं अशा बेताने बसला होता.

आबांनी मुलीकडे बघितलं. सत्यवान त्यांच्या आणि तिच्या मधे कुठेतरी उभा होता, आणि त्याला वाटत होतं, आता हे म्हणणार, कोण ही बाई. त्याने तशी तयारी ठेवली होती. तसं झालं तर ट्रक फिरवायचा आणि हिराला, मुलीला घेऊन म्हापशालाच राहायचं.

आबा लोकांकडे वळले.

"ह्या माझा चेडू," ते म्हणाले. "ह्या मेला नव्हता. पाटी मी ठेवलंय खडकार. हिरा खरा बोलता होती. हो झील माझो गप रवलो, माझ्यापायी जेलात गेलो. तेका मी सोडवून हाडलंय सावंतवाडीसून, तुमच्यापासून लपान." त्यांना दम लागला. "आता कोणाक काय इचारूचा आसा तर माका इचारा."

नर्मदेने पदर तोंडाला लावला. शेवंती बापाच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिला मधेच धरलं, कारण तिच्या आधाराशिवाय त्यांना उभं राहवेना.

हिरा त्यांच्याजवळ गेली नाही. ती ट्रककडे गेली आणि इनासला म्हणाली, "उतरा. घरात चला." मग स्वयंपाकघरात जाऊन तिने चूल पेटवली, आणि तिथे ती खूप रडली. कोणासाठी रडत होते ते मलाच समजेना, असं ती नंतर म्हणायची. पण आबांशी ती त्या दिवसापासून पुन्हा मोकळेपणी बोलू लागली.

म्हणून सगळं गोड झालं, असं नाही. आबांच्या तोंडून सगळं ऐकूनही लवू तळावर म्हणत राहिला, "म्हातारो झिलाक वाचवता. पुरावो काय?" आणि भाईशेटांनी सत्यवानाला पुन्हा गाडी द्यायची तयारी दाखवली तेव्हा सत्यवान नको म्हणाला. ट्रक बरा, म्हणाला. ट्रकवर कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

त्या मे महिन्यात आबा इनासच्या घरी राहायला गेले. सत्यवानानेच नेऊन सोडलं. आठ दिवस राहून परत आले तेव्हा त्यांची तब्येत सुधारलेली दिसत होती, पण चेहरा विचारात होता. ओसरीवर बसल्या बसल्या त्यांनी सत्यवानाला जवळ बोलावलं आणि आवाज खाली करून विचारलं,

"इनास पावाच्या पिठात सूर घालता काय रे? माडाची दारू?"

"घालतत, आबा. सगळेच पदेर घालतत. त्याशिवाय पाव फुगत नाय."

"मगे ता माका आदी कोणी कसा सांगूक नाय?" आबा म्हणाले, आणि नातीने पुढे केलेला पाव आधी नाकाशी नेऊन, मग थोडा मोडून, खाऊ लागले.